किल्ली बशीत

त्या खारीला मी ओळखलं.

खराडीत एका कंपनीच्या भिंतीच्या सावलीला गाडी लावून मी डबा उघडला होता. सीटवर ठेवलेल्या मोबाइलवर ग्रुपचे फोटो पडत होते. बशी आणि बशीत किल्ली. दुसरी बशी, दुसरी किल्ली. दुपारी दोन ते तीन हे असंच चालायचं. तेवढ्यात नागनाथ सुरवसेचा फोटो आला. पांढरी बशी, निळ्या लोकरीचा गोंडा लावलेली त्याची किल्ली, आणि कडेला एक खारी. खारीचा डावा कोपरा चावलेला.

भाजीचा हात पदराला पुसून मी मागचे फोटो चाळले. अकरा दिवसांपूर्वी हीच खारी होती. तेवढाच चावा. मधल्या अकरा दिवसांत सुरवसेने तिचा दुसरा घास काही घेतलेला नव्हता.

मला आधी हसूच आलं.

मी तेव्हा पुण्यात मोबाइलच्या अॅपवर टॅक्सी चालवत होते. आमच्या यांची नजर साखरेने गेली, गाडीचे हप्ते तर नजर असल्यासारखे वेळेवर येत होते, म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी मी स्टिअरिंग धरलं. पाच वर्षांनी वाकडच्या पुलावर, भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी मला झोप लागली. गाडी कठड्याला घासत गेली आणि त्या आवाजाने मी जागी झाले. मागच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आता खाली उतरा आणि चहा प्या. मी थांबतो." एवढंच बोलले. ओरडले असते तर मी कदाचित विसरून गेले असते.

त्याच संध्याकाळी मी मोबाइल डॅशबोर्डला टेकवून एक व्हिडिओ केला. पाच तास गाडी चालवली की वीस मिनिटं थांबायचं. किल्ली खिशात ठेवायची नाही, कारण खिशातली किल्ली माणसाला उठवते. किल्ली बशीत ठेवायची. हे ट्रकवर होते तेव्हा असंच करायचे. मी शेवटी म्हटलं होतं, "किल्ली बशीत, गाडी सावलीत," आणि तेच लोकांनी उचललं. जमीर शेख नावाचा आमच्यातलाच एक ड्रायव्हर होता, त्याला ते कापणं-जोडणं, गाणं टाकणं जमायचं. त्याने माझे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर चढवले. बघणारे चाळीस हजारांवर गेले. आता सगळीकडे कागदी कप, बशी मिळेना, म्हणून निम्म्या ड्रायव्हरांनी डिकीत घरची बशी ठेवली. बायकांच्या संचातल्या बशा अशा कमी झाल्या, आणि त्याचे शिव्याशाप माझ्या नावावर जमा झाले.

पण सुरवसेची ती खारी हसण्यावर नेण्यासारखी नव्हती. आमच्या अॅपचा एक नियम होता. सकाळी सात ते संध्याकाळी सात अॅप बंद करायचं नाही आणि आलेलं भाडं नाकारायचं नाही. असे तीस दिवस सलग काढले की ड्रायव्हर 'हिरा' होतो आणि त्याला लांबची भाडी मिळतात. वीस मिनिटं थांबलं की तीस दिवस परत पहिल्यापासून. आम्ही कंपनीच्या साहेबांच्या मागे लागलो होतो की विश्रांतीची वीस मिनिटं खंड धरू नका. साहेब म्हणाले होते, "साठेक ड्रायव्हर शंभर दिवस रोज थांबतात, एकही खाडा न करता, असं दाखवा. मी वर पाठवतो." आम्ही बासष्ट जण होतो, आणि थांबल्याचा पुरावा म्हणून रोज दोन ते तीनमध्ये बशीतल्या किल्लीचा फोटो ग्रुपवर टाकायचो. त्या दिवशी सत्त्याण्णव दिवस झाले होते. शंभरावा दिवस रविवारी होता आणि साहेब स्वतः येणार होते.

मी सुरवसेला फोन लावला.

"बोला ताई!"

"गाडी चालवताय का?"

"छे छे, सिग्नलला हाय."

"सुरवसे, खारी शिळी झाली."

तो खो खो हसला. चौतिशीचा, मोहोळकडचा गडी, हसला की ऐकणाऱ्यालाही हसायला लावायचा.

"घावलं व्हय! ताई, तुमी सीआयडीत जायला पायजे हुतं. आवं, एका रविवारी बसलो आन् वीस फोटो काढून ठिवले. बशी फिरवली, किल्ली फिरवली. खारी फिरवायची राहिली बगा."

"आणि झोप? झोप कधी काढली?"

"झोप रात्री काढतो की."

"किती?"

"पडतो चार-पाच तास. ताई, माझं चोवीस दिवस झाल्यात. सहा राहिल्यात. हिरा झालो की सोलापूरची भाडी लागत्यात. भाडं सोलापूरला सोडायचं, येताना मोहोळला उतरायचं, घरी जेवायचं. बायकोचं तोंड दिवाळीला बगितलंय. आता शिमगा झाला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या बशीत बसलो तर हिरा जातो. हिऱ्याच्या मागं लागलो तर तुमचे शंभर दिवस जातात. म्हणून मी दोघांस्नी खूश ठिवलं. चुकलं का माझं?"

तेवढ्यात त्याच्या मागे कुणीतरी हॉर्न मारला, आणि तो "सुटला सुटला" म्हणत निघून गेला.

संध्याकाळी मी जमीरला चंदननगरच्या चहाच्या गाड्यावर गाठलं. त्याला दोन्ही फोटो दाखवले. त्याने ते बोटांनी मोठे केले, लहान केले.

"अजून कुणाला कळलंय?"

"मला कळलंय, हे पुरेसं नाही का?"

"ताई, भडकू नका. आज सुरवसेचं नाव काढलं की सगळं शून्य. साहेब म्हणणार, एकाचं खोटं निघालं, बाकीच्यांचं कशावरून खरं? तीन दिवस आहेत. तीन दिवसांनी नियम बदलला, की सुरवसेला खोटं बोलायची गरजच राहणार नाही. थांबूनही हिरा होईल तो. त्याच्यासाठीच चाललंय ना हे?"

"आणि या तीन दिवसांत तो झोपला तर?"

"तर त्याला खरोखरचं थांबायला लावा. तुमचं ऐकतो तो."

जमीर चुकीचं काही बोलत नव्हता. मी आजही त्याच्या बोलण्यातली चूक शोधते, आणि सापडत नाही, म्हणून झोप लागत नाही.

घरी आल्यावर मी ग्रुपवर बोलून टाकलं. नाव घेतलं नाही. म्हटलं, "हे बघा, शेवटचे तीन दिवस. फोटो ताजा पाहिजे आणि तीनच्या आत पाहिजे. मी स्वतः एकेक फोटो तपासणार आहे. खारी असेल तर खारीही तपासणार आहे." खाली हसणारी तोंडं आली. सुरवसेने कानाला हात लावलेला माणूस पाठवला.

हे पलंगावर बसून ऐकत होते. डोळे गेल्यापासून माझा प्रत्येक व्हिडिओ आधी यांच्या कानाखालून जायचा. कुठे आवाज चढला, कुठे शहाणपणा जास्त झाला, ते सांगायचे.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"मास्तरणीसारखं."

"मग? लाडीगोडीने ऐकत नाहीत."

"तू माणसं तपासतीयेस का बशा?"

मी भांडी आपटली. नवरा-बायकोत एवढं चालतं.

शुक्रवारी सुरवसेचा फोटो दोन चाळीसला आला. खारी अख्खी, बशीच्या मधोमध. खाली त्याने लिहिलं होतं, 'ताजी आहे, वास घेऊन बघा.' शनिवारी दोन पन्नासला. पुन्हा अख्खी, दुसरी. मी मनातून सुखावले. त्या दोन दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नाही, की सुरवसे, थांबलात तर हिऱ्याचं काय झालं? विचारावंसं वाटलं नाही, असं नाही. विचारलं नाही.

रविवारी हडपसरला एका मंगल कार्यालयाचा छोटा हॉल घेतला होता. कार्यक्रम साडेतीनला. जमीरने फलक लावला होता, 'शंभर दिवस, बासष्ट किल्ल्या, एकही खाडा नाही.' सकाळी नऊलाच छापून आणला होता. शंभरावा दिवस तर अजून चालू होता, पण फलक तयार होता. साहेब अडीचलाच आले. बरोबर एक मुलगी, हातात वही. पुढच्या खुर्चीवर बसल्या बसल्या साहेबांनी विचारलं, "आजचे सगळे आले का फोटो?"

"एकच राहिलाय," जमीर म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

दोन पंचावन्न झाले. मी हॉलच्या मागच्या रांगेत यांच्या शेजारी बसले होते. मी सुरवसेला लिहिलं, 'तुमचाच राहिलाय. सगळे थांबलेत.' दोन अठ्ठावन्नला परत लिहिलं, 'सुरवसे, तीन वाजत आले. खारी दाखवा.'

त्याचा आवाज आला, बोलून पाठवलेला. हॉलमध्ये माइकवाला 'हॅलो, हॅलो, चेक' करत होता, मला नीट ऐकू येईना. मी मोबाइल यांच्या कानाला लावला.

"काय म्हणतोय?"

"'दोन मिनिटं ताई, टाकतोच.' असं म्हणतोय." यांनी मोबाइल तसाच धरून ठेवला. "परत लाव."

मी परत लावला.

"हा थांबलेला नाही गं," हे म्हणाले. "गाडी पळतीय. काच खाली आहे."

"हायवेच्या कडेला असेल. बाजूने जात असतील गाड्या."

"बाजूने जाणारी गाडी येते आणि जाते. हा आवाज जात नाहीये."

मी सुरवसेच्या नावावर बोट ठेवलं, फोन लावायला. आणि बोट तिथेच राहिलं. तो थांबलेला असेल तर फोनची गरज नव्हती. पळत असेल तर फोन करायचा नव्हता, कारण माझा फोन तो उचलणारच. 'चालत्या गाडीत मोबाइलला हात लावू नका' असा माझाच व्हिडिओ होता, सगळ्यात जास्त बघितलेला. पहिल्यांदाच मला कळलं, की माझ्या हातात मोबाइल सोडून काही नाही आणि त्या मोबाइलने मी त्याला थांबवू शकत नाही. फक्त घाई करू शकते. ती मी दोनदा केली होती.

तीन वाजून चार मिनिटांनी फोटो आला.

मी तो मोठा केला. खारी अख्खी. कडा कुरकुरीत, ताजी. खाली करडं कापड, टेबलावर असतं तसं. मी यांना म्हटलं, "बघा, बसलाय निवांत. उगाच घाबरवता."

मी जमीरला अंगठा दाखवला. जमीरने साहेबांना सांगितलं, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि वहीवाल्या मुलीने वहीत काहीतरी लिहिलं.

फोन पावणेचारला आला, तेव्हा माझ्या हातात नारळ होता आणि खांद्यावर शाल. सुरवसेचाच नंबर. मी हसतच उचलला.

"तुम्ही कोण बोलताय? नातेवाईक का?" आवाज दुसऱ्याच माणसाचा. "हवालदार बोलतोय. या मोबाइलवर शेवटचं तुमचंच नाव आहे म्हणून लावला."

यवतला भाडं सोडून तो रिकामा परत येत होता. लोणी काळभोरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कंटेनर उभा होता. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नव्हती रस्त्यावर, असं हवालदार म्हणाले.

दवाखाना हॉलपासून दहा मिनिटांवर. शाल अंगावर तशीच होती, ती कुणीतरी काढून घेतली. मी पोहोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं, आणि साडेपाचला बाहेर येऊन डॉक्टर जे बोलले, ते ऐकायला त्याचं स्वतःचं असं माणूस तिथे नव्हतं. मी होते. जमीर भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याच्या खिशातून फलकाची दोरी लोंबत होती.

"गाडीतलं सामान बघून घ्या," हवालदार म्हणाले. "बायको यायला वेळ आहे म्हणता ना?"

बाकावर त्यांनी एकेक वस्तू ठेवली. पाकीट. चष्मा. अंगारा बांधलेली पुडी. खारीचा अर्धा पुडा. आणि एक बशी.

"एवढी गाडी चेपली आणि हिला चरा नाही बघा," ते म्हणाले. "शेजारच्या सीटच्या खाली होती, पायपुसण्यावर. ही किल्लीपण तिथंच पडलेली."

किल्ली नवी कोरी होती. दात चकचकीत. गोंडा नव्हता.

"आणि गाडीची?" मी विचारलं.

"गाडीची गाडीत. लावलेलीच आहे. ती पंचनाम्यात घेतली." ते मोबाइलवरचा फोटो दाखवायला लागले, मी नको म्हणत असताना. स्टिअरिंगखाली अडकलेली किल्ली आणि तिला लोंबणारा निळा गोंडा.

मी माझा मोबाइल काढला. तीन वाजून चार मिनिटं. तीच बशी. खालचं करडं कापड म्हणजे सीटचं कव्हर होतं. मधोमध अख्खी ताजी खारी. आणि कडेला नवी कोरी किल्ली, बिनगोंड्याची. सगळं समोर होतं. मी खारी बघत होते. नियम किल्लीचा होता आणि मी किल्ली बघितलीच नाही. शुक्रवारचा उघडला. गोंडा नाही. शनिवारचा. गोंडा नाही.

जमीर उठून माझ्या खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, "ताई, कुणाला दाखवू नका." मग स्वतःच तोंड फिरवून भिंतीकडे रडला.

उज्ज्वला, सुरवसेची बायको, आठच्या सुमाराला आली, भावाच्या गाडीतून. सडपातळ बाई, पायात दोन वेगळ्या चपला. वाटेतच तिला कळलं होतं. आत जाऊन आली, आणि आमच्या बाकावर येऊन बसली. रडली नाही. तिला पाणी दिलं, ते तिने हातातच धरलं.

"तुमी मंदाताई ना? तुमचे व्हिडिओ लावायचे ते मला फोनवर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "भाऊ म्हनला, झोप लागली आसंल. झोप कशी लागंल? थांबत हुते की ते. रोज थांबत हुते. तुमास्नी फोटू टाकत हुते. आज टाकला हुता का?"

"टाकला होता."

"कधी?"

"तीनला."

"मग च्या पिऊनच निघाले आसतील." तिने माझ्याकडे बघितलं. "दावा की."

मी दाखवायला नको होता. नाही म्हणायचं कसं, तेही मला येत नव्हतं. तिने मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला, मी करायची तसाच. पण तिने खारीकडे बघितलंही नाही. ती सरळ किल्लीवर गेली. तिथेच थांबली, किती तरी वेळ.

गोंडा तिने केला होता. हे मला माहीत होतं. जुना स्वेटर उसवून केलेला. सुरवसेने पहिल्याच दिवशी ग्रुपवर सांगितलं होतं, 'किल्लीला घरच्यांची सही आहे.'

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाकिटाशेजारी ती कोरी किल्ली पडली होती. उज्ज्वलाने ती बघितली. मग बशी बघितली. मग मला. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, की मी घाई केली. दोन वेळा केली. तो चालवत होता आणि माझ्यासाठी त्याने एका हाताने... ते सगळं जिभेवर आलं होतं.

"गोंडा काढून ठिवला आसंल," उज्ज्वला म्हणाली. "च्यात भिजंल म्हनून."

ती माझ्याकडेच बघत राहिली.

"व्हय की न्हाई, ताई?"

"हो," मी म्हटलं.

तिने मोबाइल परत दिला. म्हणाली, "ह्यो मला पाठवा."

त्याला आता सात वर्षं झाली. कंपनीने नियम बदलला, पण तसा नाही. आता अॅपच विश्रांतीचा फोटो मागतं, रोज, ठरलेल्या वेळेत. नाही टाकला तर अॅप बंद. कल्पना आमच्या शंभर दिवसांवरून सुचली, असं साहेबांनी एका पत्रात लिहिलं होतं. माझे व्हिडिओ मी काढून टाकले, पण ते किती जणांनी उतरवून घेतले होते कोण जाणे. कधी कधी सिग्नलला शेजारच्या गाडीतून माझाच आवाज येतो. आमचे हे मागच्या सीटवर असले की काच वर करायला सांगतात.

उज्ज्वलाचा फोन दर शिमग्याला येतो. ती मोहोळला पापडाचं काम करते. दोन मिनिटं बोलतो आम्ही, तब्येतीचं, पावसापाण्याचं. तिच्या नंबरापुढे फोटोच्या जागी माणसाचा चेहरा नाही, पांढरी बशी आहे.

फोन ठेवताना ती दर वेळी विचारते, "ताई, च्या घेतला का?"

मी घेतलेला असो वा नसो, हो म्हणते.